चार बोटं मागं

"वर कामून बघायलास? वर समदीच देखणी असत्यात. खाली बघ."

दगडोबा गवळ्याचा हा आवाज धोंडप्पाच्या कानात चाळीस वर्षं राहिला. माळेगावची यात्रा भरली होती. नुकतं लग्न झालेला, विशीतला धोंडप्पा बैल घ्यायला सांगवडीहून चार मुक्काम चालत गेला होता आणि एका पांढऱ्याशुभ्र जोडीच्या शिंगांकडे बघत उभा होता. खाली मातीत फतकल मारून बसलेल्या म्हाताऱ्यानं त्याचं धोतर ओढलं. "बस हितं," म्हणाला. धोंडप्पा बसला, आणि बसल्यावर त्याला पहिल्यांदा बैलाचे पाय दिसले.

बैल घ्यायचे त्या वर्षी राहूनच गेले. चार दिवस तो त्या म्हाताऱ्याच्या मांडीला मांडी लावून धुळीत बसून राहिला. आधी खूर. दोन्ही नख्या सारख्या हव्यात, पुढं बघणाऱ्या हव्यात, टाच भुईला टेकलेली नको. मग जनावराच्या मागं जायचं. दोन्ही पाय एकमेकांना घासत नाहीत ना, बाहेर फाकत नाहीत ना. मग कडेनं बघायचं, आणि इथं घाई करायची नाही. मागच्या पायाचा मधला सांधा जरासा वाकलेला हवा. फार वाकला तर जोर जातो. अजिबात वाकला नाही तर भुईचा प्रत्येक दणका हाडात जातो. आणि शेवटी जनावर चालवून बघायचं.

"दिसलं की बोलून टाकायचं," दगडोबा म्हणाला होता. "पोटात ठिवलं की नजर नासती."

दगडोबा गेला त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. उदगीरपासून निलंग्यापर्यंत पारखी म्हणून धोंडप्पाचं नाव झालं. बाजारात तो जमिनीवर बसला की दलाल गप्प होत.

सांगवडी हे मांजरेच्या काळ्या रानातलं गाव. वर निजामाचा अमल, तहसील उदगीरला, आणि एकाच ओसरीवर कानडी नि मराठी. गावात बसवण्णाच्या देवळापुढं एक वळू सोडलेला असे. कुणीतरी नवसानं दिलेला गोऱ्हा. त्याच्या उजव्या मांडीवर त्रिशूळाचा डाग उठला की तो देवाचा झाला. मग त्याला दावं नाही, वेसण नाही. कुणाच्याही रानात शिरला तरी काठी उगारायची नाही. गावातल्या सगळ्या गाई त्याच्यापासून गाभण राहायच्या, सगळं नांगर-औत त्याच्या पोरांच्या खांद्यावर चालायचं. म्हणून डाग द्यायच्या आधी त्याचे पाय बघत.

वैशाखातल्या तिजेला देवळाच्या फरसावर तिथला पुजारी जंगम चाळलेली राख अंथरायचा. शुद्ध शेणाच्या गोवऱ्यांची, पिठासारखी मऊ, बोटभर जाड. गोऱ्हा तिच्यावरून एकदाच चालवत न्यायचा. चालताना मागचं पाऊल पुढच्या पायाच्या ठशात पडलं पाहिजे. पारखी वाकून ठसे बघणार आणि एकच शब्द बोलणार, 'नेक' नाहीतर 'नको'. 'नेक' म्हटल्याबरोबर बाया पुढं व्हायच्या, ती राख चिमटीचिमटीनं लेकरांच्या कपाळाला लावायच्या. पापणी लवायच्या आत ठसे मोडून जायचे. पारख्यानं काय वाचलं ते त्याचं त्यालाच ठाऊक.

सात वर्षांपूर्वीच्या तिजेला गौरम्माचा गोऱ्हा त्या राखेवरून चालला होता.

गौरम्मा विधवा. तिचा एकुलता एक मुलगा मडिवाळ आदल्या श्रावणात पटकीनं गेला. सकाळी औतावर होता, संध्याकाळी नव्हता. मागं राहिला तो त्यानं वाढवलेला गोऱ्हा. गोऱ्ह्याची आई त्याला वितानाच मेली होती. मडिवाळनं वासराला दुसऱ्या गाईचं दूध बांबूच्या नळीतून पाजून जगवलं होतं. अंग दुधासारखं पांढरं आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. अशा देवणी जनावराला तिकडे वानेरा म्हणतात. मुलगा गेल्यावर गौरम्माला रान बटाईनं द्यावं लागलं. गोऱ्हा ठेवायचा तर बडवून औताला लावायला घरात पुरुष नव्हता, आणि नाही ठेवला तर उदगीरचा बाजार. देवाला सोडला तर मात्र तो गावातच राहणार होता, डोळ्यांपुढं, कुणाचं जू न घेता.

वानेरा देवळापुढं येऊन उभा राहिला तेव्हा लोक पुढं सरकून बघू लागले. मागचे पाय खांबासारखे सरळ. "काय हुबा हाय बघा," गावाचा सारा वसूल करणारा माली पाटील अमृतराव म्हणाला, "देवळाचा खांबच जनू."

धोंडप्पाला त्या सरळपणातच खोट दिसली होती. मधला सांधा वाकतच नव्हता. तरी त्यानं गोऱ्हा चालवायला लावला, वाकून ठसे बघितले. मागचं पाऊल पुढच्या ठशाच्या चार बोटं मागं पडत होतं. एकदा नाही, प्रत्येक पावलाला.

मग त्यानं वर बघितलं. दीपमाळेला धरून गौरम्मा उभी होती. तिचे डोळे रडून रडून कोरडे पडले होते, आणि त्या कोरड्या डोळ्यांनी ती त्याच्या ओठांकडे बघत होती.

"नेक," धोंडप्पा म्हणाला.

बाया पुढं झाल्या. ठसे मोडले.

घरी जाताना त्यानं मनाशी म्हटलं, वाढीचं जनावर आहे, सांधा सुटंल. पुढच्या वर्षी म्हटलं, खोट पोरांत उतरतेच असं थोडंच आहे. वासरं झाली ती बापासारखीच, पांढरी, काळ्या तोंडाची, ताठ उभी राहणारी. गाव खूश झालं. शेजारच्या गावचे लोक गाई घेऊन येऊ लागले. ती वासरं तीन वर्षांची झाली, बडवली, औताला जुंपली. पहिल्या नांगरटीत काही झालं नाही. दुसऱ्या वर्षी काळ्या रानाच्या ढेकळांत एक बैल मागच्या पायानं लंगडत चालू लागला. मग दुसरा. मागच्या पायाच्या सांध्यावर लिंबाएवढी सूज, आणि सूज दाबली की बैल डोळे मिटायचा.

उदगीरचा सलोत्री, सरकारी गुरांचा वैद्य, घोड्यावरून आला. चोळायला तेल दिलं, कागदावर उर्दूत काहीतरी लिहिलं आणि गेला. यंदा गावात लंगडणारे बैल अकरा झाले होते. खुद्द वळू आता दिवसाचा बराच वेळ देवळाच्या भिंतीला टेकून बसायचा. उठताना घोड्यासारखा आधी पुढून उठायचा, मग थांबायचा, आणि मागचं अंग कसंबसं ओढून वर घ्यायचा.

कुणीतरी म्हणालं, रडत दिलेलं दान होतं. कोण म्हणालं ते पुढं कुणालाच आठवलं नाही, पण बोलणं गावभर झालं. मेलेल्या पोराच्या दुखवट्यातला गोऱ्हा देवाला दिला, देवाला तो पोचलाच नाही. बारशाला गौरम्माला बोलावणं बंद झालं. विहिरीवर ती आली की बाया घागरी बाजूला सरकवायच्या. तिच्या तोंडावर कुणी काही बोललं नाही, आणि त्यामुळं तिलाही कुणाला उत्तर देता आलं नाही.

यंदाच्या तिजेला नवा वळू सोडायचा असं चावडीत ठरलं. गोऱ्हा अमृतराव पाटलाचा. जुन्याला माहूरच्या डोंगरात नेऊन सोडायचं, देवीच्या राज्यात. आणि गौरम्मानं त्या दिवशी देवळाच्या आवारात यायचं नाही, राखेला हात लावायचा नाही. धोंडप्पा त्या बैठकीत होता. मागं भिंतीला टेकून बसला होता. माहूर किती लांब ते त्याला माहीत होतं. हा बैल अहमदपूर ओलांडायच्या आतच बसेल आणि पुन्हा उठणार नाही, हेही माहीत होतं. बैठक उठली तसा तोही उठून घरी गेला.

तिजेच्या आदल्या दिवशी सकाळी रामकिशन आपला बैल घेऊन त्याच्या दारात आला. रामकिशनची जीभ गावात सगळ्यांत मोकळी.

"मामा, ह्याला बघा जरा. पेरणी तोंडावर आली, आन् हे सोयऱ्याच्या घरी आल्यासारखं बसूनच असतंय."

धोंडप्पा खाली बसला. सांध्यावर हात ठेवला. कातडीखाली पाणी झालं होतं. बैलानं पाय आखडून घेतला, पण लाथ मारली नाही.

"किती दिस झाले?"

"संक्रांतीपासून. आमची म्हातारी म्हणती, गौरम्माची नजर. मी म्हनलं, नजर लागायला माझ्या घरात हाय काय? बायकोच तेवढी देखणी, ती तर धडधाकट चालती." रामकिशन हसला. धोंडप्पा हसला नाही म्हणून तोही थांबला. "पर खरं सांगा मामा. रडत दिलेलं जनावर असंच करतंय का?"

धोंडप्पाचा हात अजून सांध्यावरच होता.

"ह्याला नांगराला लावू नगंस," तो म्हणाला. "हलक्या गाडीला लाव. मऊ वाटंनं."

"म्या काय इचारलं आन् तुमी काय सांगायलाव."

"जा आता. ऊन चढायलंय."

रामकिशन गेला. बैल त्याच्या मागं चालत गेला. धुळीत उमटलेली पावलं धोंडप्पानं बघायचं टाळलं, तरी ती त्याला दिसलीच.

दिवस कलल्यावर तो उठला, धोतर झटकलं आणि गौरम्माच्या घराकडं चालू लागला. सांगून टाकायचं. आधी तिला, मग गावाला.

ती घरी नव्हती. देवळाच्या मागच्या भिंतीशी, वळूपाशी बसली होती. कढत पाण्यात कडुलिंबाचा पाला टाकलेला, त्यात फडकं बुडवून त्याचा सांधा शेकत होती. शेकता शेकता हळू आवाजात गात होती. जात्यावर म्हणतात तशीच ओवी, तिची तिनंच रचलेली.

*अंगणी उभा नंदी, दुधावाणी अंग*
*काळ्या गं मुखड्याला माझ्या बाळाचा रंग*

पाऊल वाजलं तशी ती थांबली. पदर नीट केला.

"शरणार्थ, मामा."

"शरणार्थ." धोंडप्पा जरा लांबच बसला. "सूज उतरायली का?"

"तेवढ्यापुरती उतरती. सकाळी तशीच." तिनं फडकं पिळलं. "उद्या तुमी नवा बघणार की."

"हाव."

"पाटलाचा गोऱ्हा चांगला हाय म्हणत्यात. चांगलाच निघू दे. गावाचे बैल नीट चालू देत." ती हे मनापासून बोलत होती. त्यात टोमणा शोधून पाहिला तरी सापडला नसता. "मामा, येक इचारू?"

"इचार."

"ह्यो चालला तवा ठसे तुमी बघितलं व्हतं. पायात काय न्हवतं. मग मागनं हे समदं आलं कुठून?" तिनं त्याच्याकडं बघितलं नाही, बैलाच्या पायाकडंच बघत राहिली. "मी राती आठवून आठवून बघते. त्या दिशी मी रडले न्हवते, मामा. डोळ्याला पाणीच न्हवतं. पर पोटातलं रडू कुणाला दिसतंय? देवाला दिसलं आसंल. माझंच चुकलं आसंल."

आता बोलायचं होतं. शब्द तोंडात आले होते.

"तुमी नेक म्हनलाव, तवा मला वाटलं, माझा मडिवाळ वाचला," गौरम्मा म्हणाली. "तेवढ्या येका शब्दावर मी सात वर्सं काढली. तुमचं लई उपकार हायत."

धोंडप्पा उठला. "पाणी निवायलंय," एवढंच म्हणाला आणि आल्या वाटेनं परत निघाला.  वाटेत तो पारावर बसला. समोरून जाणारे लोक त्याला हात जोडत होते आणि तो मान हलवत होता.

तिजेच्या सकाळी देवळापुढं सगळं गाव जमलं. जंगमानं राख अंथरली होती, तिच्यावर अजून एका चिमणीचंसुद्धा पाऊल नव्हतं. बाया लेकरं काखेत घेऊन एका बाजूला उभ्या होत्या. आवाराच्या भिंतीबाहेर, वाटेच्या कडेला, गौरम्मा उभी होती. आत यायचं नाही असं ठरलं होतं, बाहेर उभं राहायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. तिच्या मागं जुना वळू. माहूरला न्यायला दोन गडी दोर घेऊन सावलीत बसले होते. देवाच्या बैलाला दोर लावायचा म्हणून दोघांचेही चेहरे पडले होते.

पाटलाचा गोऱ्हा आला. शेवरा, पांढऱ्यावर काळे ठिपके. जुन्यापुढं तो जरा बुटकाच वाटला. बघणाऱ्यांत कुजबुज झाली.

"पाटील, ह्येला काय खायाला घालत न्हवताव काय?" मागून रामकिशन म्हणाला.

"तुला घातलंय त्येच घातलंय," अमृतराव म्हणाला. "तू तरी कुठं वाढलास?"

लोक हसले. धोंडप्पा आपल्या जागी मातीत बसला. खूर बघितले. मागं गेला. कडेनं बघितलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग हात वर केला. गडी गोऱ्ह्याला घेऊन राखेवर उतरला, आणि गोऱ्हा शांतपणे, एकाही ठिकाणी न अडखळता, दीपमाळेपर्यंत चालत गेला.

धोंडप्पा वाकला. ठशात ठसा बसला होता. जणू दोन पायांचंच जनावर चालून गेलं होतं. इतकी स्वच्छ पावलं त्यानं उभ्या आयुष्यात पाच-सहा वेळाच पाहिली असतील. त्याला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची लाजही वाटली. आता एक शब्द बोलला की झालं. बाया पुढं होतील, हीही राख मोडेल, बाहेरचा बैल माहूरच्या वाटेला लागेल. बाहेर उभी असलेली बाई तिचंच चुकलं असं मानत मरून जाईल, आणि त्याचे उपकार मानत.

"बोला की धोंडप्पा," अमृतराव म्हणाला. "डाग तापलाय."

"पाटील," धोंडप्पा बसूनच म्हणाला, "गौरम्माला आत बोलवा."

"तिचं हितं काय काम?"

"ती आल्याबिगर मी बोलणार न्हाई."

"धोंडप्पा, चावडीत ठरलंय. तुमीबी व्हता तितं."

"व्हतो. तोंड शिवून बसलो व्हतो."

 जंगम पाटलाकडं बघू लागला, पाटील राखेकडं. धोंडप्पा हाताचा टेका देऊन उठला. राखेला वळसा घालून जायची रीत होती. तो वळसा न घालता सरळ तिच्यावरून चालत गेला. ताज्या ठशांवर त्याचे स्वतःचे अनवाणी पाय उमटत गेले. बायांतून एक दबका आवाज उठला आणि विरला. तो आवाराच्या दरवाज्यात जाऊन थांबला. गौरम्मा चार हातांवर होती. काय चाललंय ते तिला कळत नव्हतं, आपल्यामुळं काही विघ्न आलं असं वाटून तिनं दोन पावलं मागं घेतली.

"जाऊ नगंस," तो म्हणाला. मग लोकांकडं तोंड केलं. "पाटलाचा गोऱ्हा नेक हाय. पर तेवढ्यावर त्येला डाग देऊ नगासा. उदगीरहून दुसरा पारखी आणा, त्येच्याकडनं बघून घ्या, मग द्या. माझ्या शब्दावर आता देऊ नगासा."

"आसं का म्हणायलाव?" अमृतरावाचा आवाज खाली आला होता.

धोंडप्पानं गौरम्माकडं बघितलं. तिचा हात बैलाच्या वशिंडावर होता. सात वर्षांपूर्वी जशी बघत होती तशीच ती आताही त्याच्या ओठांकडं बघत होती. या वेळी त्यानं नजर चुकवली नाही.

"तुजं काय चुकलं न्हाई, गौरम्मा," तो म्हणाला. "ह्यो राखेवरनं चालला तवाच त्येचं मागचं पाऊल तोकडं पडत व्हतं. ह्या पायाची पोरं लंगडणार, हे मला त्याच घडीला ठावं झालं व्हतं. मी तुज्या तोंडाकडं बघितलं, आन् नको म्हणायचा धीर झाला न्हाई. म्हणून मी खोटं बोललो."